पाचव्या वचनाच्या वर

पांढरकवडा
९ जानेवारी २०२४

प्रिय सलोमी,

सलाम. आपल्या घरच्या पत्रात या जागी 'प्रभूच्या कृपेने सगळे सुखरूप' असं यायचं. या वेळी लिहीत नाही. सुगंधाला मातीत ठेवून अजून महिना झालेला नाही, आणि घरात कुणीतरी माझ्या पाठीमागे उद्योग करतं आहे. फोनच केला असता, पण तू तो मध्येच ठेवतेस. पत्र मध्येच ठेवता येत नाही, फार तर फाडता येतं.

सरळ विचारतो. बाबांच्या मोठ्या बायबलात खुणा तू केल्यास का?

तू तुझ्या भावजयीच्या मातीला आलीस, चौदा वर्षांनी. चार तास थांबलीस. त्यातला अर्धा तास बाबांच्या अभ्यासाच्या खोलीत एकटी होतीस. मी घड्याळ पाहत होतो असं नाही, पण घड्याळ समोरच होतं.

आपल्या चर्चच्या मंडळीला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात. कमिटीनं बाबांची प्रवचनं पुस्तकरूपानं काढायचं ठरवलं आणि काम माझ्या गळ्यात घातलं. एकतीस वर्षं जुना करार शिकवलेला माणूस गावात दुसरा कोण आहे? तर मी 'टोचलेला कान' या प्रवचनासाठी जुन्या करारातल्या 'निर्गम' पुस्तकाचा एकविसावा अध्याय काढला. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वचनाखाली पेन्सिलीची रेघ. पाचव्याखाली नाही. पुढे 'अनुवाद' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात रेघ, तेविसाव्यात रेघ. रेघा वाकड्यातिकड्या, मुद्दाम हात बदलून ओढल्यासारख्या.

ते प्रवचन तुला आठवत असेलच. दास सहा वर्षं राबेल, सातव्या वर्षी मोकळा होईल, असा नियम. पण तो म्हणाला की मला माझा धनी आवडतो, मला जायचं नाही, तर धन्यानं त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून आरीनं त्याचा कान टोचायचा, मग तो कायमचा त्या घरचा. बाबा दर वर्षी इथे थांबायचे आणि मागच्या बाकाकडे बघायचे. रामीबाई उठायची आणि ते पाचवं वचन तोंडपाठ म्हणायची. बायका डोळे पुसायच्या. तू पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायचीस, तेही मी पाहिलेलं आहे.

पुस्तकात रामीबाईबद्दल एक टीप टाकतो आहे. चूक असेल तर कळव: 'रामीबाई नऊ वर्षांची असताना, बहात्तरच्या दुष्काळात, तिच्या वडिलांनी तिला तांड्यावरून आणून पाळकसाहेबांच्या ओट्यावर सोडले. पाळकसाहेबांनी तिला पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले. विवाहाचा प्रश्न निघाला तेव्हा तिने स्वतःच नकार दिला. १९८६ साली बाजारातून येताना ती चुकीच्या बसमध्ये बसून नेरला पोहोचली, परंतु सुखरूप परत आली. आजही ती त्याच घरात सेवा करीत आहे.'

माझा मुद्दा साधा आहे. शास्त्रातली दासगिरी म्हणजे सिनेमात दाखवतात तशी साखळदंडांची नव्हे. तो नियम धन्याचा हात आवरण्यासाठी होता. अर्ध्या ओळीखाली रेघ मारून शास्त्र कळत नसतं. रेघा तुझ्या असतील तर तसं लिही, मी रागावणार नाही.

तुझा,
शांतवन


पांढरकवडा
२ फेब्रुवारी २०२४

सलोमी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, विजेच्या बिलावर जास्त मजकूर असतो. 'खुणा मी केल्या नाहीत. मी त्या खोलीत रडत बसले होते. तुझ्या टिपेतलं एकही वाक्य खरं नाही.' आणि खाली तो प्रश्न.

प्रश्न तू चांगला टाकलास, हे कबूल करतो. शास्त्रात दोन नियम आहेत. आपल्या भावाबहिणीला सहा वर्षांनी सोडायचं, तेही रिकाम्या हातानं नाही, कळपातलं, खळ्यातलं काही देऊन. परक्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठेवता येतं, मालमत्तेसारखं. तू विचारतेस, रामी आपली यातली कोण? बाप्तिस्मा झालेली बहीण असेल तर ती अठ्ठ्याहत्तर सालीच सुटायला हवी होती. परकी असेल तर बाबा तिला मुलगी कोणत्या तोंडानं म्हणायचे?

मी तीन दिवस यावर बसलो. निर्गमात लिहिलं आहे की बापानं दिलेली मुलगी पुरुष दासासारखी सुटत नाही. हे उत्तर मला आवडलं होतं. पण मीच वर्गात शिकवत आलो की अनुवादात, म्हणजे चाळीस वर्षांनी, मोशे तोच नियम पुन्हा सांगतो आणि तिथे स्त्रीलाही मोकळीक देतो. म्हणजे ते दार मीच बंद करून ठेवलेलं. तू लगेच म्हणशील, मोशेला चाळीस वर्षं लागली, आपल्याला बावन्न झाली. म्हण. मी तुझ्या आधीच लिहून टाकलं.

पण मग ती दास होती हे कुणी ठरवलं? तिला कधी कुणी मारलं? आपण जेवलो ते ती जेवली. तापात आईनं तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. शाळेत का घातलं नाही, तर आईचं म्हणणं होतं, मुलीला लिहिता आलं की ती चिठ्ठ्या लिहिते. त्या काळी सगळेच असं बोलायचे. तुला शाळेत घातलं हे वेगळं.

आणि तू मला सत्य शिकवू नकोस. बरं, ती चुकीच्या बसमध्ये बसली नव्हती. पण ती नेरच्या बसमध्ये बसली हे बाबांना कुणी सांगितलं? मी तेव्हा घरात नव्हतो. ती तुझ्या खाटेखाली चटईवर झोपायची, सगळं तुला सांगायची. मी फक्त जीप घेऊन गेलो. स्टँडजवळ सायकल दुकानवाल्याच्या घरी होती, आयशाबी नावाच्या बाईकडे. त्या बाईनं आपणहून तिला माझ्या स्वाधीन केलं. एवढंच.

आता रेघांचं. तू नाहीस, तर दोन नावं उरतात. एक आपले नवे पाळक, जे प्रवचनात दर वाक्याला 'आजच्या संदर्भात' म्हणतात. ते चहाला आले होते, पण खोलीत गेले नाहीत. दुसरी शेजारची दीपा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि छप्पन सालापासून त्यांच्या घरात प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची रीत आहे. रामी रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसते. बावन्न वर्षांत कधी बसली नाही, सुगंधा गेल्यापासून बसते.

मी दीपाला कुंपणापाशी गाठलं. ती म्हणाली, "काका, मी रामीमावशीले पापड लाटाले बोलावते. तुमच्या बायबलात मी कायले हात घालू?" मी म्हटलं, बरं. तर जाता जाता वळून म्हणाली, "पण खरं सांगू? मले खुणा करायच्या असत्या ना, तर पेन्सिलनं नसत्या केल्या." हे कबुलीजबाबाच्या फार जवळ जातं असं मला वाटतं.

काल मी बायबलाच्या कडेवर पावडर भुरभुरून ठेवली. आज सकाळी ती पुसलेली होती आणि लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात नवी रेघ होती. परक्यांबद्दल जिथे लिहिलं आहे, बरोबर तिथे. तुझं पत्र आलं सोमवारी. त्यात तू परक्यांबद्दल विचारलंस. रेघ पडली गुरुवारी. यातून माणसानं काय समजायचं?

शांतवन


पांढरकवडा
२४ फेब्रुवारी २०२४

सलोमी,

काखेत कळसा म्हणतात ना, तसं झालं.

बुधवारी दुपारी कमिटीची बैठक होती. पाळक यवतमाळला अडकले, बैठक रद्द. मी घरी आलो, पुढच्या दारानं न येता मागून आलो, कारण दीपाला रंगेहाथ पकडायचं माझ्या मनात होतं. अभ्यासाच्या खोलीत रामीबाई उभी. बसलेली नाही, उभी. बायबल उघडं, बोट ओळीवर, ओठ हलताहेत. टेबलावर तुझं पत्र, तेही उघडं.

मी म्हटलं, "रामी, काय करून राह्यली?"

दचकली नाही. "वाचून राह्यली, भाऊ."

"तुले कुठं वाचता येते?"

"येते," ती म्हणाली. "बाबांनी इतकं पाठ करून घेतलं. स्तोत्रं पाठ, वचनं पाठ. पुस्तक उघडलं का तेच शब्द आत पडेल दिसत. एका शब्दावर एक बोट ठेवत गेली. सात साल लागले. मंग बाकीचं बी दिसाले लागलं."

तुला आठवतं, ती चर्चमध्ये गीतांचं पुस्तक उलटं धरायची म्हणून आपण हसायचो? मी ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, "एकदाच धरलं व्हतं. बाबानं पाह्यलं म्हणून उलटं केलं. तुम्ही हासले, मले बरं वाटलं. आता कोणी इचारत नाई म्हटलं."

चाळीस वर्षं या बाईसमोर मी पत्रं, चिठ्ठ्या, बाबांच्या डायऱ्या उघड्या टाकत आलो, टेबलावर मीठ ठेवावं तशा. तिनं काय काय वाचलं असेल? आणि सुगंधानं शेवटच्या महिन्यात मला उद्देशून जे लिहून ठेवलं, ते मला सापडण्याआधी तिनं वाचलं असेल का? मी विचारलं नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही, असं लिही म्हणशील तर तसं लिहितो.

मग तिनं बोट पाचव्या वचनावर ठेवलं, तिचं वचन, जे ती तीस वर्षं उभी राहून म्हणत आली. तिथून बोट वर सरकवलं. सातव्या वर्षी तो काही न देता मोकळा होऊन जाईल, ही ओळ. धन्यानं बायको दिली असेल तर बायकापोरं धन्याचीच, त्यानं एकट्यानं जावं, ही ओळ.

"वरचं मले काहून नाई शिकवलं, भाऊ?"

सलोमी, मी हा अध्याय एकतीस वर्षं शिकवला. दासाला आधी बायकापोरांत अडकवायचं आणि मग त्याच्या तोंडून 'मला धनी आवडतो' हे ऐकायचं, यात प्रेम किती आणि पेच किती, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही, आणि मी तो कुणाला विचारू दिला नाही. तिनं उभ्या उभ्या विचारला. मी म्हटलं, "बाबांना वेळ नसेल मिळाला."

ती म्हणाली, "पाडव्याले गडी सुटतात. मी बी पाडव्याले सुटते."

तुला माहीत आहे, आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. राहायचं तर पुन्हा बोली होते, नाहीतर तो गाठोडं घेऊन निघतो. ती सालगडी नाही हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "नाई. सालगड्याले साल असते."

ती नेरच्या बाजूच्या तांड्यावर जाणार म्हणते. तिच्या भावाची नात, वर्षा, तिथे अंगणवाडीत काम करते. तिच्याशी हिची फोनवर बोलणी चालू आहेत, दीपाच्या फोनवरून. म्हणजे पापड तर लाटलेच जात होते, पण सोबत हेही.

आता माझं मागणं. तिला थांबव. तुझं ती ऐकेल. तिथे तिची भाषा तिला नीट येत नाही, एकसष्ट वय झालं, गुडघे गेलेत. मी एकटा आहे. मला चहासुद्धा धड करता येत नाही. हे शेवटचं वाक्य आधी लिहायला हवं होतं, खरं कारण तेच आहे. पण ती गेली तर लोक बाबांबद्दल काय म्हणतील, हेही आहे. आणि एक तिसरं आहे ते लिहीत नाही. तिनं मला एक प्रश्न विचारला आहे, खेमसिंगबद्दल. मी म्हटलं, आठवत नाही.

शांतवन


पांढरकवडा
११ एप्रिल २०२४

प्रिय सलोमी,

सलाम.

तू तिला थांबवलं नाहीस. तुझ्या पोस्टकार्डावर एकच ओळ होती, 'तिला खरं सांग', आणि ती पोस्टकार्डावर होती म्हणजे ती तिनं माझ्याआधी वाचली. हे तुला ठाऊक असणार. मला तुझा संशय घ्यायची सवय आहे, पण या वेळी बरोबर घेतला.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो. घरात दोघंच. पूर्वी पाळीनं वाचायचो तेव्हा तिच्याशी आलं की पाळी पुढे सरकायची, ती दारापाशी बसायची. त्या दिवशी मी स्तोत्र वाचलं आणि पुस्तक मिटायला लागलो. ती म्हणाली, "माही पाळी."

तिनं पुस्तक मांडीवर घेतलं. चष्मा सुगंधाचा लावला, तो तिनं कधी घेतला मला माहीत नाही. एकविसावा अध्याय काढला. दुसरं वचन वाचलं, अडखळत, जोडाक्षरावर थांबत. तिसरं वाचलं. चौथं वाचलं. पाचव्याशी आल्यावर थांबली आणि म्हणाली, "हे पाठ आहे. हे नाई वाचत." आणि सरळ सहावं वाचलं.

मग पुस्तक मिटून तिनं विचारलं, "भाऊ, खेमसिंग आला व्हता का?"

मी सांगितलं. तुलाही सांगतो, कारण यातलं अर्धं तुलाही माहीत नाही. चौऱ्याऐंशी साली तो ट्रकवर होता, हैदराबाद रोडला. मोठ्या बहिणीला आणि लुगडं घेऊन रामीला मागणी घालायला आपल्या ओट्यावर आला. बाबांनी सांगितलं, ती देवाच्या घरची आहे, तिला लग्न करायचं नाही. रामी तेव्हा मागे धान्य निवडत होती. तिला कुणी विचारलं नाही. तिला आईनं सांगितलं की त्यानं दुसरीकडे ठरवलं. तो पुन्हा आला, पावसाळ्यानंतर. त्या वेळी बाबा दौऱ्यावर होते आणि ओट्यावर मी होतो. मीच त्याला तेच सांगितलं, बाबांच्या शब्दांत, त्यांच्यापेक्षा चांगल्या आवाजात. तिसऱ्यांदा तो आला नाही. दोन वर्षांनी ती त्याला शोधायला निघाली, नेरला उतरली आणि पुढची गाडी चुकली.

आणि आयशाबीनं तिला आपणहून दिलं नव्हतं. दारात आडवी उभी राहिली होती ती बाई. मला म्हणाली, "भागकर आई हुई लडकी वापस नहीं देते, भैया. उसकी मर्जी पूछो." पळून आलेल्या दासाला धन्याच्या हाती परत देऊ नये, हा अनुवादाचा तेविसावा अध्याय तिनं वाचला नव्हता. मी तो त्या वर्षी वर्गात शिकवत होतो. मी आत बघून रामीला सांगितलं, बाबा मरायला टेकलेत, तुझं नाव घेताहेत. ते ऐकून रामी स्वतः जीपमध्ये येऊन बसली. बाबा त्या दिवशी बाजारात मटण घेत होते. त्यानंतर तेवीस वर्षं जगले.

रामीनं सगळं ऐकलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "तो मेला. दोन साल झाले. वर्षानं सांगतलं." मग म्हणाली, "दोनदा आला व्हता म्हणजे." आणि आत दिवा लावून भाकरी टाकायला गेली. त्या रात्री तिनं मला वाढलं, पण स्वतः माझ्या समोर खुर्चीवर बसून जेवली. मी नजर ताटात ठेवली.

सकाळी तिनं भाड्यानं सांगितलेला अफरोजचा टेम्पो आला. मी अनुवादाप्रमाणे तिला रिकाम्या हातानं पाठवणार नव्हतो. भांडी काढली, शिलाई मशीन काढलं, आईची शाल काढली. तिनं काहीच घेतलं नाही. दोन शेळ्या घेतल्या. आपण बारा वर्षं 'आपल्या शेळ्या' म्हणतो त्या, चारापाणी तिचं, बाळंतपणं तिनं केलेली. शास्त्रात पहिलं नाव कळपाचंच आहे, हे तिनं बघून ठेवलं असणार. दीपानं पापडांचा डबा दिला. अफरोजला शेळ्या चढवता येईनात, तर रामीच मागे चढली आणि त्यांना शिंगांना धरून ओढून घेतलं. गुडघे गेलेत म्हणून मीच लिहिलं होतं.

तुझ्यासाठी निरोप आहे. "सलोमीले सांगजा, नेरच्या बसचं कोणी सांगतलं ते मले तवाच माहीत व्हतं. वर्षाच्या घरी येजो म्हणा. खाट मी घेईन, तिले चटई." हसत म्हणाली की कशी, ते मला सांगता येणार नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हतो.

मला फक्त जाते म्हणाली. येते म्हणाली नाही.

टेम्पो गेल्यावर मी बाबांची खोली उघडली. मला खात्री होती, काहीतरी नवीन खूण असेल. शेवटचं काहीतरी माझ्यासाठी. मी पानं उलटत गेलो. निर्गम, लेवीय, अनुवाद. एकही रेघ नव्हती. सगळ्या खोडरबरानं पुसलेल्या, चुरा झटकलेला, पान कोरं. तिनं दुसऱ्याच्या पुस्तकावर मारलेल्या रेघा जाताना साफ केल्या, जशी या घरातली प्रत्येक गोष्ट साफ केली. हा चांगुलपणा होता की ती माझ्याशी असलेला शेवटचा धागाही पुसून गेली, यावर मी दोन दिवस संशय घेत बसलो आहे.

कमिटीला कळवलं आहे की 'टोचलेला कान' छापायचं तर दुसऱ्या वचनापासून छापायचं आणि खाली माझ्या नावानं टीप येईल, जुनी नव्हे, खेमसिंगची आणि नेरची खरी हकीकत, या पत्रात लिहिली तशी. नाहीतर ते प्रवचन गाळा. अध्यक्ष म्हणाले, मंडळीच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकात वडिलांबद्दल मुलानंच असं करायचं का? अजून निर्णय नाही. मला वाटतं, ते गाळतील.

आज सकाळी मी चहा केला. कडू झाला, प्यायलो. मग शाईचं पेन घेतलं आणि दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वचनाखाली रेघ ओढली. अनुवादाच्या तेविसाव्यात ओढली, तिथे कडेला 'नेर, १९८६' लिहून सही केली. पट्टी लावली नाही, त्यामुळे माझ्याही रेघा तिच्याइतक्याच वाकड्या आल्या. हे बायबल माझ्यानंतर तुझ्याकडे येईल. कुणी विचारलं की या खुणा कुणी केल्या, तर आता संशय नको. माझ्या आहेत.

तुझा भाऊ,
शांतवन